लिटर म्हणजे किलो

मी जग बोलतोय. दुनिया या अर्थाचं जग नव्हे. ते कुणाशी बोलत नाही. मी कानाला धरून उचलायचा, स्वयंपाकघरातला, एक लिटरचा मापाचा जग. लिहिताना आम्ही दोघं सारखेच दिसतो, हे माझं दुर्दैव.

आधीच सांगून ठेवतो, माझी कहाणी गोड नाही. ऐकताना तुम्हाला ओकारी येईल. मलाही येते. फक्त मला आपणहून ओकता येत नाही, कुणीतरी उलटं करावं लागतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पातळ प्लास्टिक साच्यात ओतलं, थंड केलं आणि मी बाहेर पडलो, काचेसारखा आरपार. मग माझ्या अंगावर तांबड्या रेघा छापल्या. एका बाजूला मिलिलिटर, दुसऱ्या बाजूला मैद्याचे आणि साखरेचे ग्रॅम. माझ्या हजाराच्या रेघेपर्यंत मैदा भरलात तर तो जेमतेम सहाशे ग्रॅम होतो, साखर साडेआठशेच्या आसपास. प्रत्येकाचं वजन वेगळं, म्हणून प्रत्येकाची रांग वेगळी. पाण्याला मात्र वेगळी रांग नाही. पाणी शंभर मिली घ्या, शंभर ग्रॅम भरतं. लिटर घ्या, किलो भरतं. मिलिलिटरची रांग हीच त्याची ग्रॅमची रांग. एवढा सरळ स्वभाव मी दुसऱ्या कशाचाच पाहिला नाही, माणसाचा तर नाहीच.

दुकानातून मला एका बाईने घरी आणलं. ती घरीच पाव भाजून आसपासच्या दुकानांना पोचवायची. पिठाच्या पोत्यांनी अर्धं स्वयंपाकघर अडवलेलं, भिंतीत मोठी भट्टी आणि ओट्यावर सपाट काटा. मोरीवरच्या खिळ्याला मी टांगलेला असायचो. बाई मला काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायची आणि नळाखाली न नेताच तांब्याने पाणी ओतायची. काट्यावर सहाशे आले की माझ्या अंगावरही सहाशेच्याच रेघेला पाणी टेकलेलं असायचं.

तिची मुलगी तेव्हा ओट्याला हनुवटी टेकून बघायची. एवढीशी होती, पण मान लांब.

"आई, रेघेला कसं कळतं काट्यावर काय आलंय?"

"रेघेला नाही गं कळत. पाणीच तसं आहे. लिटर म्हणजे किलो."

"आणि दूध?"

"दूध थोडं जड. तेल हलकं. पाणी मात्र बरोब्बर."

मुलीला ते इतकं आवडलं की ती दिसेल ते पाणी मोजत सुटली. भिजलेला टॉवेल काट्यावर ठेवायची, मग पिळून पुन्हा ठेवायची, आणि पिळलेलं पाणी माझ्यात ओतून पडताळा बघायची. ओटाभर पाणी. बाई ओरडायची, पण हसत. ते माझे चांगले दिवस. माझ्या पोटात तेव्हा स्वच्छ पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं.

या बाईचा एक धाकटा भाऊ होता. आई लवकर गेल्यामुळे त्याला बहिणीनेच वाढवलं होतं. तो एक बॉक्सिंग क्लब चालवायचा. घरी यायचा तो दारातूनच आरडाओरडा करत. गरम पाव न विचारता उचलायचा, भाचीच्या डोक्यावर पिठाचा हात पुसायचा, भांडी वाजवून दाखवायचा. मलाही त्याने वाजवलंय. मुलगी मामासाठी जीव टाकायची. ती अंगाने वाढली, खांब झाली, तसं त्याने तिला क्लबात नेलं. तिचे हात लांब, पाय चपळ. समोरची पोहोचायच्या आत तिचा ठोसा लागलेला असायचा. मामाने तिला नाव दिलं, 'उंट'.

"लांब मान आणि पाण्यावाचून चालतं. आमचं उंट आहे हे!"

सगळे हसायचे. तीही हसायची. क्लबात त्याला 'सर' म्हणायचं आणि घरी 'मामा', हा त्याचाच नियम.

एके दिवशी त्याने पाव खाता खाता मला खिळ्यावरून काढलं.

"ताई, हा जग नेतो गं."

"आणून दे म्हणजे झालं," बाई म्हणाली. तिचे हात कणकेत होते. कशाला हवाय, हे तिने विचारलं नाही. सख्ख्या भावाला कोण विचारतं?

आता पुढचं ऐका.

क्लबाने स्पर्धेत प्रत्येक वजनगटात एकेक मुलगी उतरवली की संघाचे गुण वाढायचे आणि मोठी ढाल मिळायची. मामाला ती ढाल हवी होती. सत्तावन्न किलोच्या गटात त्याच्याकडे एक मुलगी आधीच होती. चोपन्नची जागा रिकामी होती. उंटाचं वजन अंगापिंडाने अठ्ठावन्न. तिच्या अंगावर काढण्यासारखी चरबी नव्हती. मग काढायचं काय? पाणी.

"चार किलो म्हणजे चार लिटर," मामा म्हणाला. "त्यात काय? घामातून गेलं, थुंकीतून गेलं, सामना झाला की प्यायचं परत. उधार आहे फक्त."

क्लबाच्या मागे एक कोंदट खोली होती, खिडक्या बंद, दोन हीटर. तिथे मुली प्लास्टिकचे अंगरखे घालून दोरीवरच्या उड्या मारायच्या. बाह्या उलट्या केल्या की घामाच्या धारा लागायच्या. मामा आधी वजन करायचा आणि नंतर करायचा. काटा आठशे ग्रॅमने उतरला की टाळी द्यायचा: "आठशे मिली घाम! शाबास!" त्या खोलीला जो वास होता, तो भिंतींना लागला होता, दोरीला लागला होता, मामाच्या हसण्यालाही लागला होता.

आणि घाम संपला की मी.

तो मुलींच्या हातात मला द्यायचा आणि गालात एक आंबट गोळी. तोंडाला पाणी सुटलं की थुंकायचं, माझ्यात. एरवी थुंकायला माणसांना रस्ता लागतो, जिना लागतो, भिंतीचा कोपरा लागतो. इथे माप लागत होतं. दाट, तारा सुटणारी, गोळीच्या रंगाने पिवळट झालेली लाळ माझ्या कडेवरून आत उतरायची. कधी त्यात दाताच्या फटीतला कण, कधी फुटलेल्या ओठाचा लाल धागा. वर फेस. मामा मला उजेडापुढे धरायचा, तिरका करायचा, आणि फेस बोटाने बाजूला सारून रेघ वाचायचा. बोटाने! आणि ते बोट पँटला पुसायचा.

"दोनशे मिली. म्हणजे दोनशे ग्रॅम. लिटर म्हणजे किलो, लक्षात ठेवा पोरींनो."

तेच शब्द. ज्या ओट्यावर मी ते पहिल्यांदा ऐकले, तिथेच त्यानेही लहानपणी बहिणीकडून ऐकलेले असणार. आणि हिशेब चुकीचा असता तर मला इतकी किळस आली नसती. हिशेब चोख होता. लाळ जवळजवळ पाणीच असते. खोटं माप वापरणाऱ्याची चीड येते, पण खऱ्या मापाने कुणी असली घाण मोजली की चीड पुरत नाही. तेव्हा स्वतःच्या अंगावरच्या रेघासुद्धा खरवडून टाकाव्याशा वाटतात.

प्यायचं पाणीही तो मोजून द्यायचा, बाटलीच्या झाकणाने. एक झाकण सकाळी, एक संध्याकाळी. एखादीने गुपचूप घोट घेतला तर काटा चहाडी करायचा. शंभर ग्रॅम जास्त आले की मामा सगळ्यांसमोर विचारायचा, "कोण प्यालं शंभर मिली?" प्यालेली पोर मान खाली घालायची. पाणी पिण्याची लाज वाटणारी माणसं मी तिथे पाहिली. पाणउतारा हा शब्द आपण उगाच वापरतो. तो शब्दशः कसा असतो हे मी त्या खोलीत बघितलं.

क्लबात सगळ्यात लहान चणीची एक मुलगी होती, तिला 'बारकी' म्हणायचे. तिला वजनाची चिंता नव्हती. मला धुवायचं काम तिच्याकडे. ती नाक मुठीत धरून मला नळाखाली धरायची आणि म्हणायची, "ई, उंटे, हे बघून मला जेवण जात नाही."

"मला तर असंही जेवायचं नाहीये," उंट म्हणायची.

पहिल्या स्पर्धेत तिचं वजन बसलं. नंतर पाणी पिऊन ती लढली आणि कांस्यपदक घेऊन आली. मामाने तिला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या खेपेलाही बसलं, पण पहिल्याच फेरीत ती हरली. पाय जड झाले होते. घरी बाई तिला विचारायची म्हणे, "तोंड का फिरवतेस ताटावरून? कुणी आवडलाय का?" ती हसण्यावारी न्यायची. ओठांना भेगा, डोळे खोल, विंचरताना फणीत केसांचा पुंजका. जगाचं विचारलं की मामा सांगायचा, "विसरलो गं ताई, उद्या आणतो." शेवटी बाईने दुसरा जग घेतला. बारकीच्या तोंडून ते कळलं तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरंच वाटलं. या अवस्थेत मला तिच्या पिठाजवळ जायचं नव्हतं.

मग ती मोठी स्पर्धा आली.

सकाळची वेळ. क्रीडासंकुलात कपडे बदलायची लांबट खोली, एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला पडद्यामागे वजनाचं टेबल. तिथे काट्यावर एक बाई बसलेली, गळ्यात ओळखपत्र, हातात शिक्का. मामाने आपला काटा आधीच बाकाजवळ मांडला होता. उंट त्यावर उभी राहिली. चोपन्न किलो चारशे ग्रॅम.

"चारशे," मामा म्हणाला. "होईल. टेबल बंद व्हायला तासभर आहे."

त्याने तिच्या गालात दोन गोळ्या कोंबल्या आणि मला तिच्या मांडीत दिलं. ती थुंकायचा प्रयत्न करू लागली. काही येईना. जीभ टाळूला चिकटून सुटताना टक् असा आवाज यायचा. पांढरा फेस तेवढा ओठांवर जमायचा, तो ती माझ्या कडेला पुसायची. बारकी तिची पाठ चोळत होती. किती तरी वेळाने मामाने मला वर धरलं, हलवलं.

"चाळीस. चाळीस मिली, चाळीस ग्रॅम. राहिले तीनशे साठ."

"नाही येत सर," ती म्हणाली. आवाज पत्रा घासल्यासारखा.

मामा बाहेर गेला आणि एका माणसाला घेऊन आला. कुठल्याशा दवाखान्यात सुया टोचायचं काम करणारा, मामाच्या ओळखीचा. त्याच्या पिशवीत रबरी पट्टा होता, कापूस होता, नळी होती.

"घाबरायचं नाही," मामा तिच्यासमोर उकिडवा बसत हळू आवाजात म्हणाला. "रक्तदान करतात ना लोक? तेवढंच. साडेतीनशे मिली काढलं तरी भागतं. रक्त पाण्यापेक्षा थोडं जडच असतं, साडेतीनशेचे तीनशे सत्तर भरतील. दहा ग्रॅम हातात राहतात आपल्या."

हे त्याने बोटांवर मोजून दाखवलं. मी त्याचा चेहरा बघत होतो. त्यावर राग नव्हता, क्रौर्य नव्हतं. गणित सुटल्याचं समाधान होतं.

"कशात काढणार?" उंटाने विचारलं.

सुईवाला म्हणाला, "पिशवी नाही आणली मी. नळी आहे. मापाचं काहीतरी लागेल, जास्त जायला नको."

मामाने माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तळाशी तेव्हा ती चाळीस मिली लाळ होती. त्याने मला उचललं, कोपऱ्यातल्या जाळीवर पालथं केलं, झटकलं, आणि परत सुईवाल्यासमोर बाकावर ठेवलं. धुतलंसुद्धा नाही.

उंट म्हणाली, "सर, हे माझ्या मामाला कळलं ना, तर तो तुमचे दात पाडेल."

"वेळ जातोय," एवढंच मामा म्हणाला.

"जाऊ दे," ती म्हणाली आणि उठली. भिंतीला धरून नळाशी गेली. मला वाटलं, मला नेईल. धुऊन घेईल, भरेल, आणि एकदा तरी माझ्यातून ती पाणी पिईल. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिने नळ सोडला, ओंजळ धरली आणि प्यायली. आधी घोटभर, ठसका लागला, थांबली, मग पुन्हा. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून कपड्यांत.

"थुंक!" मामा धावला. "थुंक ते! गिळू नकोस! वेडी झालीस का?"

तिने त्याच्या डोळ्यांत बघत गिळलं.

बारकी मध्ये उभी राहिली. बारकी म्हणजे त्याच्या छातीएवढी, पण मुठी वर. सुईवाल्याने पट्टा, नळी पिशवीत कोंबली आणि तो मुकाट्याने निघून गेला. असल्या माणसांना निसटायची वाट बरोबर सापडते.

उंट पडद्यापलीकडे गेली आणि अधिकृत काट्यावर उभी राहिली.

"चोपन्नच्या गटात ना?" टेबलावरच्या बाईने आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या. "पंचावन्न किलो साठ ग्रॅम. एक किलोहून जास्त झालंय गं. बाद करावं लागेल."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"मग आलीस कशाला काट्यावर?"

"बघायला, किती प्यायले ते."

मी बाकावरून मनात वजाबाकी केली. सातशे ग्रॅम. म्हणजे सातशे मिली. तिच्या पोटात गेलेलं पाणी मी मोजलं नव्हतं, पण माझ्या सगळ्या आयुष्यात याच्याइतकं सुंदर माप मी ऐकलेलं नाही. मग तिचे गुडघे वाकले. टेबलावरची बाई शिक्का टाकून धावली, तिला खुर्चीत बसवलं आणि मोठ्याने हाक मारून डॉक्टरला बोलावलं.

दुपारी डॉक्टरने सोडल्यावर बारकी तिला घरी घेऊन आली. मला तिने पिशवीत घातलं होतं. ओट्यावर ठेवलं. आपला हरवलेला जग बघून बाईचा हात सवयीने पुढे आला.

"आई, त्याला हात लावू नकोस," उंट म्हणाली.

आणि मग तिने सगळं सांगितलं, गोळीपासून नळीपर्यंत. ती अडखळली तिथे बारकीने सांगितलं. ऐकून झाल्यावर बाईने मला उचललं आणि नाकाशी धरलं. आंबट, कुजकट वास माझ्यात मुरला होता. मला ठेवून ती मोरीवर वाकली आणि भडाभडा ओकली. मला वाटलं, माझ्या वाटचंही तीच ओकतेय.

मामा संध्याकाळी आला. आज दारातून आरडाओरडा नव्हता. तो बोलत सुटला. सगळेच करतात ताई. इतर क्लबांत याहून वाईट चालतं. तिच्या भल्यासाठीच होतं. ढाल गेली त्याचं काय? पदक कुणामुळे मिळालं होतं? आणि रक्त काढलं कुठे, नुसतं बोललो होतो. बाई पिठाचे गोळे वळत होती, एकाही गोळ्यावरून तिने डोळे उचलले नाहीत. तो बोलून बोलून थकला, घशाला कोरड पडली.

"ताई, पाणी दे जरा."

बाईने हात थांबवला.

"किती देऊ? ग्रॅममध्ये सांग नाहीतर मिलीत सांग. एकच आहे."

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"लहान असताना तापाने फणफणला होतास," ती म्हणाली. "रात्रंदिवस तुला चमच्याने पाणी पाजलं मी. किती पाजलं, ते नाही रे मोजलं. मोजायला हवं होतं. ऊठ. परत या घरात पाय ठेवू नकोस."

तो उठला. दारात त्याने भाचीकडे पाहिलं. ती खिडकीशी बसून पाव खात होती, मोठे मोठे घास घेत. तिने खाणं थांबवलं नाही.

बाईने मला उकळत्या पाण्याने धुतलं, व्हिनेगर ओतून रात्रभर ठेवलं, उन्हात वाळवलं. दुसऱ्या दिवशी पिठाजवळ नेलं आणि तिथेच थबकली. तिला जमेना. तिचं काही चुकलं नाही. स्वच्छ झालेली वस्तू आणि स्वच्छ वाटणारी वस्तू यांत फार अंतर असतं. आता मी संडासाच्या खिडकीत आहे. आठवड्यातून एकदा माझ्यात फिनेल मोजतात, पन्नास मिली. माझ्या तांबड्या रेघा पुसट होत आल्यात. फिनेलचा वास उग्र आहे, पण तो निदान ज्या कामाचा आहे त्याच कामाचा आहे.

उंट आता दुसऱ्या क्लबात साठच्या गटात लढते. जिंकण्यापेक्षा हरते जास्त. हरून आली की चिडते, दार आपटते, ताटभर जेवते. तिचे केस परत दाट झालेत. मामावर तक्रार केली होती तिने आणि बारकीने मिळून. चौकशी झाली, त्याला समज दिली, आणि प्रकरण मिटलं. त्याचा क्लब चालू आहे. गेल्या आठवड्यात बारकी आली होती. तिच्या चुलतबहिणीला कुणीतरी त्याच क्लबात घातलंय म्हणे. बहिणीने तिला सांगितलं, सरांनी नवीन जग आणलाय. दोन लिटरचा.

ते ऐकून माझ्या तळाशी उरलेलं फिनेलसुद्धा मला घाण वाटेनासं झालं.

मला निरोप नको, सहानुभूती नको. माझं एवढंच मागणं आहे: तुमच्याकडे कुणी जग मागायला आलं, मग तो सख्खा भाऊ का असेना, तर कणकेतले हात आधी बाहेर काढा आणि विचारा, "कशाला हवाय?" नीट उत्तर मिळेपर्यंत तो जग खिळ्यावरून काढू देऊ नका.